पोरींची रात्रपाळी

अ‍ॅम्ब्रोज गिलिसने तळघरातली गांजाची पाच झाडं रात्रपाळीला लावली होती. कारण एवढंच, की तो स्वतः कोळशाच्या खाणीत बावीस वर्षं रात्रपाळीला होता आणि दिवसपाळीवाल्यांना तो कामाची माणसं समजत नसे. झाडांभोवती चेन लावायचा काळा कापडी तंबू होता; संध्याकाळी सातला त्यातले एलईडी दिवे लागत, सकाळी सातला विझत. बाहेर न्यू वॉटरफोर्ड गाव जागं झालं, की खाली झाडं झोपत. फुलोऱ्यावर आलेल्या गांजाला रोज बारा तास अंधार लागतो, आणि अंधार म्हणजे अंधार, त्यात काटकसर चालत नाही. म्हणून त्याने तळघरातला बल्बसुद्धा काढून टाकला होता.

औषधी गांजाचा परवाना जिन्याच्या डोक्यावर, येशूच्या तसबिरीशेजारी चौकटीत लावलेला होता. औषध बायकोचं, युनिसचं. तिला नसांचा आजार होता, पाय लाकडासारखे ताठ व्हायचे. फुलांचं तेल काढून चार थेंब जिभेखाली ठेवले की तासाभराने पाय पुन्हा तिचे व्हायचे. अ‍ॅम्ब्रोज झाडांना पोरी म्हणायचा आणि त्यांच्याशी बोलायचा, कारण पाचही मादी होत्या आणि उलट बोलत नव्हत्या.

वास बाहेर जाऊ नये म्हणून तंबूला कोळशाचा फिल्टर होता. यावरून त्याचा खाणीतला दोस्त फ्रॅन्सी त्याला लीजनच्या क्लबात पत्ते कुटताना न चुकता छळायचा. "जन्मभर कोळशाने तुला खाल्लं, आता तुझा वास खातोय. सुटका नाही बाबा तुझी."

कोळशाने खाल्लं होतं हे खरंच. अ‍ॅम्ब्रोजचा खोकला गल्लीतली कुत्रीसुद्धा ओळखायची.

तर, उन्हाळ्यातलं पीक बियांनी भरलं. बिया धरल्या की फुलांतला जोर जातो, तेल पाणचट होतं. युनिस तेव्हापासून चार थेंबांऐवजी सात घेत होती आणि तरी सकाळी पलंगाची कड धरून उभी राहत होती. आणि आता नोव्हेंबरात, नवं पीक फुलोऱ्याच्या चौथ्या आठवड्यात असताना, अ‍ॅम्ब्रोजला तिसऱ्या झाडावर केळं दिसलं.

गांजावाले केळं म्हणतात ते म्हणजे नखाएवढं पिवळं नरफूल. झाडाची झोप मोडत राहिली की मादी झाड घाबरतं, आणि आपलं काही खरं नाही असं समजून स्वतःच नरफूल काढतं. एक फुटलं की सगळा तंबू बियांनी भरतो. त्याने ते चिमट्याने खुडलं आणि खाली बसला. हे पीक गेलं तर मार्चपर्यंत धड औषध नव्हतं. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारी बाई येणार होती, युनिस जिन्याच्या तेरा पायऱ्या एकटी चढते का ते बघायला. नाही चढली, तर तिचं नाव शेजारच्या सिडनी गावातल्या वृद्धाश्रमाच्या यादीत जाणार होतं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तो एवढा कधी घाबरला नव्हता.

उजेड कुठून तरी शिरत होता. तो शोधायची एकच रीत: तंबूत जाऊन चेन लावायची, डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसायचं, मग बघायचं.

गुरुवारी सकाळी तो टोपी घालून निघाला.

"लीजनला?" युनिसने विचारलं.

"गुरुवार आहे."

"मला कळतो गुरुवार. तिथे खोकत बसू नकोस, लोकांना पत्ते सुचत नाहीत."

तो घराला वळसा घालून मागच्या झडपेतून तळघरात उतरला. युनिसला सांगितलं असतं तर केळ्याचं सांगावं लागलं असतं. तंबूत शिरला, उलट्या बादलीवर बसला. दहा मिनिटं गेली. काही दिसेना. खाणीच्या तोडीचा अंधार होता, आणि त्याला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

मग वरचं दार वाजलं. पायरीवर काठी टेकली. मग पाय. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा काठी.

तंबूच्या चेनीशेजारी शिलाईची जेवढी भोकं होती तेवढी एकदम उजळली, चाळणी उन्हात धरावी तशी. तो उजेड त्याने ओळखला. जिन्यात खिळ्याला टांगलेला, त्याचाच खाणीतला टोपीचा दिवा होता. आणि बाईही ओळखली.

युनिस शेवटच्या पायरीवर बसली. श्वास लागला होता.

"काय गं पोरींनो," ती तंबूकडे बघून म्हणाली. "आज अकरा मिनिटं लागली. मंगळवारी नऊ होती. त्याला सांगू नका. तो मागे दोन्ही हात पसरून उभा राहतो, छत कोसळतंय की काय असा, आणि मग माझेच पाय थरथरतात."

म्हणजे तो मंगळवार-गुरुवार पत्त्यांना गेला की ही तेरा पायऱ्यांची तालीम करत होती. औषधाने पाय चालत होते म्हणून ती उतरत होती, आणि उतरत होती म्हणून औषध नासत होतं. अ‍ॅम्ब्रोजला हसू आलं आणि हसण्याच्या मागून खोकला आला. त्याने टोपी काढून तोंडात कोंबली.

ती चढायला लागली. अ‍ॅम्ब्रोज खाणीच्या बचाव पथकात होता. दगडाखालची माणसं त्याने काखेत हात घालून ओढून काढली होती. कुणी धडपडत असताना बसून राहायची त्याला सवय नव्हती. आठव्या पायरीवर ती थांबली. एवढी थांबली, की त्याने चेनीला हात घातला. पण आता बाहेर गेलो तर ही पुन्हा उतरणार नाही, आणि डिसेंबरात त्या बाईसमोर थरथरेल, हे त्याला कळत होतं. त्याने हात मागे घेतला. शेवटी दार लागलं, वर किटलीत पाणी पडल्याचा आवाज आला, तेव्हा तो पोटभर खोकला.

तासाभराने तो पुढच्या दाराने घरात आला.

"काय म्हणतंय लीजन?"

"फ्रॅन्सी हरला."

"फ्रॅन्सी तर डोळे दाखवायला हॅलिफॅक्सला गेलाय. त्याची बायको आत्ताच फोनवर होती."

"दुसरा फ्रॅन्सी," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. गावात फ्रॅन्सी नावाचे अकराजण होते, त्यामुळे हे उत्तर चालून जायचं.

"बरं," म्हणून युनिसने त्याच्यापुढे चहा ठेवला.

हिरवा उजेड झाडांना दिसत नाही असं गांजावाले म्हणतात. अ‍ॅम्ब्रोजने टोपीच्या दिव्याच्या काचेवर हिरवा कागद दोन पदरी चिकटवला आणि दिवा होता तिथे टांगला. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा ठोकला. "खताची पोती उतरवायला," असं त्याने न विचारता सांगितलं. शिलाईची भोकं बुजवायला काळी चिकटपट्टीही आणली होती, पण ती लावली नाही. लावली असती तर युनिस कुठवर आली ते आतून दिसलं नसतं.

मंगळवारी तो टोपी घालून निघाला आणि वळसा घालून बादलीवर येऊन बसला. काठी वाजली. शिलाईतून हिरवे ठिपके उमटले. युनिस शेवटच्या पायरीवर बसली आणि तिने दिवा इकडून तिकडे फिरवला.

"आज सगळ्या तळघराला शेवाळ धरलंय," ती म्हणाली. "दहा मिनिटं, पोरींनो. नवा कठडा बरा आहे."

मग चढायला लागली. चौथ्या पायरीला त्याच्या छातीत घरघर सुरू झाली. पाचव्याला त्याने टोपी तोंडात धरली. सहाव्याला काठी थांबली.

"अ‍ॅम्ब्रोज, खोकून टाक."

तंबूत त्याने टोपी आणखी घट्ट दाबली.

"पोरी झोपल्यात, मी जागी आहे. गेल्या गुरुवारचा कोंडून ठेवलायस तो. मरशील अशाने."

तो खोकला. चांगला मिनिटभर खोकला, पाचही झाडं हलेपर्यंत.

"झालं?"

"झालं. येऊ का मागे?"

"तिथेच बस. सात राहिल्यात माझ्या. आणि हात खिशात घाल."

काठी सातव्या पायरीवर टेकली. अंधारात कुणाला दिसणार नव्हतं, तरी अ‍ॅम्ब्रोजने दोन्ही हात खिशात घातले आणि मोजायला लागला.