बांधावरचा मारुती

ग्यानबाने वाटीतल्या शेंदरात तेल कालवलं, तरी तो लावायचा कोणत्या दगडाला हे अजून ठरलं नव्हतं.

दुपारी राणीसावरगावाहून वऱ्हाड येणार होतं. नवरदेवाची मिरवणूक, म्हणजे परण्या, मारुतीपासून निघतो, आणि शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या पाच घरांच्या त्या वाडीला मारुतीच नव्हता. म्हणून वाडीच्या सगळ्या लेकींची लग्नं मैलभरावरच्या गावात, व्यंकटराव मालकांच्या पारावर लागत. वाडीची माणसं आपल्याच लग्नात पाहुण्यासारखी कडेला बसत. चांगुणाचं लग्न मात्र दारात लावीन, असा शब्द ग्यानबाने लेकीला दिला होता.

“वाडीला मारुती असंल तर तिथंच लावू,” व्याही म्हणाले होते.

“हाय की,” ग्यानबा बोलून बसला होता.

“अवो, त्यो बांधावरला घ्या,” आता वाटीकडे बघत त्याची बायको भिवराबाई म्हणाली.

ग्यानबाचं आणि व्यंकटरावांचं रान त्या दगडाने वेगळं होई. दरसाल पेरणीच्या तोंडावर तो ग्यानबाच्या रानात हातभर सरकलेला दिसे. कोण सरकवतं हे वाडीला ठाऊक होतं; विचारायची छाती कुणाची नव्हती.

“त्योच कशाला? वढ्यात लय दगड हायत.”

“वढ्यातले चालतात का? ह्यो दरसाली चालतो. जागृत हाय.”

ग्यानबाने तिच्याकडे पाहिलं. ती पदराने तोंड पुसत होती.

“बसवायचा कुठं मग?”

“बाभळीपाशी. आधी व्हता तिथं. देव मूळ ठिकाणी बरा.”

दुपारी वऱ्हाड आलं. गावात वीज आली होती, वाडीतला कर्णा मात्र बॅटरीवर वाजत होता. पहिला नारळ मालकांचा, म्हणून सगळे व्यंकटरावांना घेऊन बाभळीपाशी गेले. व्यंकटरावांनी दगड पाहिला, बाभळ पाहिली आणि मग ग्यानबाला पाहिलं.

“मारुती कवाचा म्हणायचा?” व्याह्यांनी विचारलं.

ग्यानबाने आधी मालकांकडे पाहिलं. मालक एक शब्द बोलले, तर वऱ्हाड इथूनच गावाकडे वळणार होतं.

“लय जुना,” आरतीचं ताट धरून भिवराबाई म्हणाली. “मालकालाच इचारा. थोरल्या मालकाच्या टायमापासून हितंच हाय.”

हलगी थांबली. नवरदेव घोड्यावरून वाकून बघू लागला. सगळ्यांच्या नजरा व्यंकटरावांवर. ते बराच वेळ नारळाची शेंडी चाचपत राहिले.

“हाय,” अखेर ते म्हणाले. “जुना हाय.”

नारळ फुटला. व्यंकटरावांनी दगडाला हात लावून नमस्कार केला. बोटं लालभडक झाली. त्यांनी ती क्षणभर न्याहाळली आणि सरळ कपाळाला लावली. हलगी कडाडली, परण्या मांडवाकडे निघाला.

व्यंकटराव मात्र मागे रेंगाळले.

“ग्यानबा, शेंदूर वल्ला हाय रं.”

ग्यानबाने पटक्याचा शेव नीट खोचला.

“वाळंल मालक,” तो म्हणाला. “पेरणीपस्तोर वाळंल.”