पाने सावलीत वाळवली

विजयलक्ष्मी रेवाला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होती. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या त्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं पाला कुटून, अर्क गाळून तिची बोटं हिरवी झाली, आणि ही कालची पुण्याची पोरगी येते काय अन् डॉक्टरीणबाई होऊन बसते काय! तिचा जळफळाट होणार नाही तर काय?

सदाफुलीपासून ब्लड कॅन्सरची औषधं निघतात, ही गोष्ट जुनी. रेवाने सदाफुलीची रानटी बहीण निवडली. तिच्या अर्काने काचेच्या ताटलीतल्या कॅन्सरच्या पेशी पटापट मेल्या आणि रेवाचं नाव झालं. तो पाला विजयलक्ष्मीने आणला होता. सिरुसेरीच्या माळावर जाऊन, कळ्या धरायच्या आत खुडून, गच्चीवर सावलीत स्वतःच्या जुन्या लुगड्यावर पसरून वाळवला होता. तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेचा पाला ठेकेदाराने आणला, फुलांसकट आणि उन्हात कडक केलेला. पेशी ढिम्म. तिसऱ्या खेपेलाही तेच. सोमवारच्या बैठकीत काम बंद करायचं, असं संचालक प्राणेश यांनी सांगून टाकलं. रेवाचा चेहरा पडला आणि विजयलक्ष्मीच्या जिवाला गारवा वाटला. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं तिला.

पण सोमवारी बैठकीत तिला राहवेना. आपल्याला येतं ते चारचौघांत दाखवायची हौस तिच्या मत्सरालाही आवरली नाही.

"उन्हांत वाळविल्यावर कसं होईल, सार? पहिला पाला मी सावलींत वाळविला होता!"

प्राणेश खुर्चीत सरळ झाले. "रेवा, लिहून घे. आणखी एकदा करून पाहा. ही शेवटची संधी."

रेवाने भराभर लिहिलं आणि वही पुढे केली. "बघा ना, विजयाक्का, बरोबर आहे?"

'पाने सावलीत वाळवली.'

विजयलक्ष्मीने ओळ दोनदा वाचली. "कोणी?"

"अहो, पद्धतीत कोणी केलं ते लिहीत नाहीत." रेवा हसली. अगदी निर्मळ हसली, म्हणून ते जास्तच झोंबलं. "आणि अक्का, खुडला कधी होता? फुलं यायच्या आधी की नंतर?"

विजयलक्ष्मीने वही मिटून तिच्या हातात दिली.

"मज आठवत नाहीं, अम्मा."