इंजिन सोडून सगळं

"गाडीतलं सगळं चालू झालं पाहिजे," उस्तादांचा मुलगा म्हणाला. "दिवे, हॉर्न, वायपर, सगळं. फक्त इंजिन चालू होता कामा नये."

वायरमन बघतच राहिला. बंद गाडी चालू कर म्हणणारे छप्पन्न भेटले होते. असं सांगणारा हा पहिलाच. पण पोराचं तरी काय चुकत होतं? मध्यंतरी वयाने डोकं दगा देऊ लागलेल्या उस्तादांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी थेट औषधांच्या दुकानाच्या पायऱ्यांवर चढवली. नशीब, पायरीवर कोणी नव्हतं. मग चावी लपवली, तर म्हाताऱ्याने घर डोक्यावर घेतलं, जेवण सोडलं.

शेवटी उस्तादांच्या बायकोने, काकूंनीच तोड काढली. बॅटरीची तार काढून ठेवायची, चावी उस्तादांच्या हातात द्यायची आणि दुपारी दोघांनी शेडमधल्या उभ्या गाडीत बसून फिरून यायचं! काकूंचे गुडघे कामातून गेलेले, तरी बापडी शेजारी बसायची आणि म्हणायची, "अहो, वळण आलं हं." उस्ताद ऐटीत स्टिअरिंग फिरवायचे. पण दिवे लागेनात म्हणून चिडायचे, आणि बॅटरी जोडावी तर डॅशबोर्डामागून धूर. उंदरांनी वायरिंग कुरतडून पार चाळण केली होती.

म्हणून वायरमनला बोलावणं आलं. हे काम तो उस्तादांकडेच शिकला होता, तेही मार खाऊन. त्याने जुन्या तारा मुळापासून उपसल्या. उस्ताद स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. दोन फ्यूजवर सगळी गाडी कशाला, प्रत्येकाला वेगळा फ्यूज दे. हेडलाइटला रिले टाक. डायनॅमो काढ, अल्टरनेटर बसव. मघाशी जेवलो की नाही हे ज्याला आठवत नव्हतं, तो माणूस कुठली तार कुठे जाते ते घडाघडा सांगत होता.

उस्ताद आत जाऊन आडवे झाले तेव्हा त्याने स्टार्टरची तार फिरवून गालिच्याखालून मागच्या सीटखाली नेली आणि तिथे एक चोरस्विच बसवला. तो बंद, तर इंजिन बंद. बाकी सगळं चालू. गाडी पडून खराब होऊ नये म्हणून मुलगा अधूनमधून तो दाबून चालवणार होता.

"काकू, गुरूच्या डोळ्यांत धूळ फेकतोय मी," तो म्हणाला. "बरं नाही वाटत."

"पाप लागलं तर माझ्या माथी," काकू म्हणाल्या. "मला ते माणूस घरात जिवंत हवंय. आणि त्यांच्या हातून दुसऱ्या कोणाचं काही व्हायला नकोय. झालं?"

पुढे चारआठ दिवस झकास गेले. म्हातारा दिवसभर हॉर्न वाजवतो, शेजारी वैतागलेत, असं मुलाने हसत कळवलं. वायरमनही निर्धास्त झाला.

आणि एका दुपारी खुद्द उस्तादांचा फोन आला.

"गाढवा, तुझ्या कामात चूक राहिली होती."

"कुठली, उस्ताद?"

"स्टार्टरची तार. उगाच मागच्या सीटखाली जाते नि परत येते. कोणी शिकवलं तुला असं? काढून टाकली मी. सरळ जोडली."

दुसऱ्याने केलेल्या वायरिंगवरून एकेका तारेगणिक बोटं फिरवल्याशिवाय हा माणूस कधी गाडी बाहेर सोडत नसे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. डोकं गेलं होतं, बोटं जागेवर होती. आणि स्विच लपवताना या शहाण्या शिष्याने सीटचा विचार केला, गालिच्याचा केला, त्या बोटांचा तेवढा केला नाही!

"उस्ताद, आत्ता कुठे आहात?"

"गाडीत. ही आत्ताच येऊन बसलीय शेजारी."

"काकूंना फोन द्या. आधी काकूंना द्या!"

"चला ना हो," मागून काकूंचा आवाज आला, रोजच्या खेळातला. "भाजी संपून जाईल बाजारातली."

"काकू, उतरा! काकू!" वायरमन जिवाच्या आकांताने ओरडला. पण फोन उस्तादांच्या कानाला होता.

"बोंबलतोस काय? ऐक, तुझंच काम ऐकवतो तुला."

चावी फिरली. जुनी वायरिंग असती तर गाडी खोकून गप्प बसली असती. पण हे काम त्याने जीव ओतून केलं होतं. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

"अहो," काकू म्हणाल्या. मग आवाज चढला. "अहो, थांबा! ही खरंच चालू झाली!"

"शाबास रे," उस्ताद म्हणाले. शाबास असं त्यांनी त्याला आजवर कधी म्हटलं नव्हतं. मग गियर पडला.

वायरमन फोन कानाशी धरून तसाच अनवाणी रस्त्यावर धावत सुटला. "ब्रेक मधला, उस्ताद! मधला!" लोक वळून बघत होते. फोनमधून फक्त इंजिनचा आवाज येत होता, आणि तो वाढत चालला होता.