एकदाच विचारलंस

त्या घरात पहिल्याच फटक्यात 'हो' म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. चहा घेणार का? नको. अहो, घ्या की. नको नको, आत्ताच झाला. घ्या हो, अर्धा कप. मग 'आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर' असं म्हणत पाहुणा भरलेला कप बशीसकट रिकामा करायचा. पहिला नको रीतीचा, दुसरा समोरच्याला जोखण्यापुरता, आणि तिसऱ्यांदा तोंडातून निघेल ते खरं. हे कुणी कुणाला बसवून शिकवलं नव्हतं. पोरं चालायला शिकतात तशी हेही शिकायची.

घर मागे आणि पुढे बाबांचं सलून. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि खिडकीशी वाट बघणाऱ्यांसाठी बाक. गिऱ्हाईक 'बस, एवढे पुरेत' म्हणालं तरी बाबा कात्री खाली ठेवत नसत. पोरीला सांगायचे, "तोंडाकडे बघायचं नाही, मानेकडे बघायचं. तोंड बस म्हणतंय आणि मान अजून ताठ आहे, म्हणजे त्याला अजून कमी हवेत, पण सांगायला लाजतोय." मग विचारायचे, "कानामागचे जरा घेऊ?" आणि गिऱ्हाईक सुटल्यासारखं म्हणायचं, "घ्या, घ्या."

पोरगी पाचवीत असल्यापासून बाकावर बसून वर्तमानपत्रातल्या चुका काढायची आणि मोठ्या माणसांना ऐकवायची, म्हणून बाबांनी तिचं नाव मास्तरीण ठेवलं. आई ती चार वर्षांची असतानाच गेली होती. तेव्हा बाबांची थोरली बहीण चार दिवसांसाठी म्हणून आली आणि तिथलीच झाली. घरात ही तीनच माणसं, आणि तिन्ही एकापेक्षा एक नकोवाली.

अशी ही मास्तरीण शिष्यवृत्ती मिळवून परदेशी शिकायला गेली आणि पहिल्याच दिवशी उपाशी राहिली. घरमालकीण निवृत्त नर्स. एकटी राहायची, उंच, हाडकुळी, बोलणं मोजूनमापून. तिने विचारलं, "जेवणार?" मास्तरीण सवयीने म्हणाली, "नको." "ठीक आहे," म्हणून बाईंनी दुसरी ताटली उचलून कपाटात ठेवून दिली. झालं! पोटात कावळे ओरडतायत आणि पोरगी दाराशी उभी, आत्ता विचारतील, मग विचारतील. कसलं काय! बाई शांतपणे जेवल्या, भांडी धुतली, ओटा पुसला आणि आपल्या खोलीत गेल्या.

तीन आठवड्यांनी गाडी उलटी फिरली. मास्तरणीने हौसेने स्वयंपाक केला आणि बाईंना वाढायला गेली. बाई नको म्हणाल्या. "घ्या ना." "नको." "चव तरी बघा," म्हणत हिने वाढलंसुद्धा. बाईंनी चमचा खाली ठेवला. "मी दोनदा 'नको' म्हटलं. माझं ऐकायचंच नसेल, तर मला विचारतेस कशाला?" आवाज जरासुद्धा चढला नव्हता आणि म्हणूनच ते जास्त लागलं. पोरीने खोलीत जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने जिन्यात उभं राहून बाईंना सगळं समजावलं. आमच्याकडे तीनदा विचारतात, पहिले दोन नको धरायचे नसतात वगैरे. बाईंनी नीट ऐकून घेतलं. "केवढी दगदग!" त्या म्हणाल्या. "आणि माणसाला खरंच नको असेल, तर कळतं कसं?" मास्तरीण म्हणाली, "माझे वडील म्हणतात, मानेकडे बघायचं." त्यावर दोघी हसल्या, आणि तिथून त्यांचं जमलं.

विद्यापीठात एक तास सक्तीचा होता. परक्या मुलखात गेलं की तिथल्या माणसांच्या रीती कशा ओळखायच्या आणि आपण कसं बदलायचं, असा विषय. मास्तरणीने निबंध लिहिला तो या 'नको'वर. उपाशी राहिल्याची गोष्ट लिहिली, चमच्याची लिहिली. शेवटी लिहिलं, 'आता मी एकदाच विचारते आणि मिळालेल्या उत्तराचा मान राखते.' प्राध्यापकांनी निबंध वर्गात वाचून दाखवला, सगळ्यांत जास्त गुण दिले. तिने फोनवर बाबांना सांगितलं तेव्हा बाबा खो खो हसले. "वा मास्तरीणबाई! म्हणजे आता तुझ्याशी जपून बोलायला हवं."

दुसऱ्या वर्षी बाबांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं, तारीख दिली. मास्तरीण बारा दिवसांची सवड काढून धावत आली. पण बाबांना नेमका ताप भरला, आणि डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं ते थेट तिच्या परतीच्या तारखेनंतर चार दिवसांनी. तिकडे तिची परीक्षा तोंडावर आलेली. आता काय करायचं?

निघायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "बस खुर्चीत. तिकडे कोण कापतं गं तुझे केस? कसले वेडेवाकडे केलेत." त्यांनी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि बोटभर केस कापायला तासभर लावला. इकडून विंचरलं, तिकडून विंचरलं. "अजून थोडे घेऊ?" "नको, बाबा." "मागचे जरा?" "नको." पुन्हा कंगवा फिरला. "कपाळावरचे तरी?"

"एकदा सांगितलं ना, बाबा!" ती म्हणाली.

बाबांनी लगेच कापड सोडलं, झटकलं. तिला वाटलं, आपण जरा जोरातच बोललो. म्हणून सारवासारव करावी तशी आरशातूनच तिने विचारलं, "बाबा, मी राहू का? परीक्षा पुढच्या वर्षी देता येते. तिकीट बदलून घेते."

बाबा वस्तरा पुसत होते. "नको गं. एवढ्याशा गोष्टीसाठी वर्ष कशाला घालवतेस? आत्या आहे की. तू जा."

"नक्की?" एवढं तरी तिने विचारायला हवं होतं की नाही? नाही विचारलं. ती म्हणाली, "बरं." वर तिला स्वतःचं कौतुकही वाटलं. बाबा जाणते आहेत, निर्णय त्यांचा आहे, आपण त्याचा मान राखला. आतल्या दारात आत्या हात पुसत उभी होती. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि आत जाऊन भांडी आपटायला लागली. बाबा पुसून लख्ख झालेला वस्तरा पुन्हा पुसत राहिले. ज्या पोरीला मानेकडे बघायला शिकवलं, तिने त्या वेळी आरशात स्वतःचेच केस बघितले. तेही छान कापले होते.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी बाबा गेले. मास्तरीण पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं.

सलून बंद, खुर्च्यांवर चादरी. ती आपल्या जुन्या खोलीत गेली तर तिची खाट भिंतीशी नीट मांडलेली. या खाटेचा एक पाय कधीचा मोडला होता. त्या बारा दिवसांत ती जमिनीवरच गादी टाकून झोपली होती. आता पाय नवा होता, वर धुतलेली चादर होती.

"हे कधी केलं?" तिने विचारलं.

आत्या उंबऱ्यावर बसली. रडून रडून तिचे डोळे कोरडे झाले होते. "तू केस कापून घेतलेस ना, त्याच दिवशी सकाळी. तू बाजारात गेली होतीस तेव्हा सुताराला बोलावून पाय बसवून घेतला आणि खाट मागच्या पडवीत ठेवली. मला म्हणाला, पोरगी आज राहू का म्हणून विचारणार बघ. ती राहते म्हणाली की आणू आत."

मास्तरीण म्हणाली, "पण मी विचारलं होतं, आत्या. नको म्हणाले ते."

"एकदाच विचारलंस," आत्या म्हणाली. "तुझा बाप कधी पहिल्यांदा हो म्हणाला होता का? तू बरं म्हणून आत आलीस, मी तुला धरून सांगणारच होते. त्याने मला थांबवलं. म्हणाला, नको, तिला तिकडची शिस्त लागली आहे, चांगली लागली आहे, तीच राहू दे. मी म्हटलं, अरे, तुला ती हवी आहे ना इथे? तर म्हणतो, हवी आहे, पण आता तिने पुन्हा विचारल्याशिवाय कसं सांगू?" आत्याने पदर तोंडाला लावला. "आणि दवाखान्यात दार वाजलं की बघायचा. दर वेळी बघायचा गं."

डॉक्टर म्हणाले, ती असती तरी काही वेगळं झालं नसतं. असेलही. पण ते तीन दिवस बाबांच्या उशाशी कोण बसायला हवं होतं, हे काही डॉक्टरांना माहीत नव्हतं. मास्तरीण त्या खाटेवर पंधरा दिवस झोपली. खाट जरासुद्धा हलत नव्हती.

मग ती परत गेली, कारण आत्याने जा म्हणून सांगितलं. या वेळी तिने आत्याला पाच वेळा विचारलं, "मी राहू का?" पाचव्यांदा आत्या चिडून म्हणाली, "अगं खरंच जा, बाई!" तेव्हा कुठे ती निघाली.

दुपारी ती खोलीवर पोचली आणि अंगावरचा कोट न काढता पलंगावर बसली. घरमालकीण बाईंना फोनवर कळलं होतंच. त्या वाफाळतं सूप घेऊन दारात आल्या. "घेणार?"

"नको."

"ठीक आहे," म्हणून बाई वळल्या. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्याचा आवाज आला, आणि मग काहीच आवाज नाही. बाई परत आल्या. दोन वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. "थोडं घे," त्या अवघडून म्हणाल्या. परक्या भाषेतला शब्द पहिल्यांदाच बोलून बघावा तसं.

"खरंच नको."

बाई आत आल्या, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. त्या तिच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या तिच्या मानेकडे बघत होत्या.

"हे तिसऱ्यांदा विचारते आहे," त्या म्हणाल्या. "घेणार?"

"हो," मास्तरीण म्हणाली, आणि हमसून हमसून रडायला लागली. बाईंनी वाटी बाजूला ठेवून तिचे हात धरले.

"एवढंच करायचं होतं मला," ती म्हणत राहिली. "अजून दोनदा विचारायचं होतं फक्त."