कोऱ्या ब्रशची साक्ष

मी टूथब्रश बोलतोय. घाबरू नका, तोंड उघडायला सांगत नाही. तुमच्या दातांशी माझं काही देणंघेणं नाही. पण माझ्यामुळे एका भल्या माणसाचं दुकान वाचलं, हे मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही म्हणाल, ब्रश आहे की बढाईखोर! आहे थोडा. आधी ऐकून तर घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून दांडा ओतला, मग यंत्राने माझ्या डोक्यात झुबक्याझुबक्याने केस खोवले. माणसाच्या बाळाला टक्कल असतं, आम्ही जन्मतःच केसाळ. त्या दिवसापासून मी जरा तोऱ्यातच वावरतो.

दुकानात आम्ही भावंडं एका खोक्यात दाटीवाटीने बसलो होतो. एक दिवस एक बाई आली आणि तिने अख्खं खोकंच मागितलं. दुकानदाराला राहवेना.

"ताई, घरात माणसं किती?"

"दोन. मी आणि आई."

"मग एवढे ब्रश?"

"डोक्यांसाठी हवेत," ती म्हणाली. दुकानदाराने तिच्या डोक्याकडे एक नजर टाकली आणि मुकाट्याने खोकं बांधून दिलं.

ही बाई संसर्गजन्य रोगांवर संशोधन करणारी डॉक्टर. त्यातही तिचा सगळा जीव बुरशीत. अंगावर, नखांत, केसांत वाढणाऱ्या बुरशीच्या शंभर तऱ्हा ती नुसत्या रंगावरून ओळखते. मुलं तिला बुरशीमावशी म्हणतात आणि तिला ते आवडतंही. घरी तिच्या आईने आम्हाला बघताच एक भावंड उचलून न्हाणीघरातल्या पेल्यात ठेवलं.

"आई, ते दातांचे नाहीत गं!"

"टूथब्रश दातांचा नाही, तर मग कोणाचा?"

"शाळेतल्या मुलांच्या डोक्यांचा."

आईने कपाळाला हात लावला. "लोक बुरशी आली की पाव फेकून देतात. आमची लेक तिला खाऊ घालून वाढवते. कुठे फेडशील हे पाप!" पण असं म्हणताना ती हसत होती, आणि पेल्यातलं भावंड तिने पुसून परत खोक्यात ठेवलं.

तर भानगड अशी होती. जवळच्या एका शाळेत मुलांच्या डोक्यांवर गोल गोल चट्टे उठले होते. तिथले केस तुटत, खाज सुटे. डोक्यातलं गजकर्ण ते. औषधाने बरं होतं, पण एकाचं बरं होईपर्यंत दुसऱ्याला होत होतं. आता हे आलं कुठून? पालकांनी फार डोकं चालवलं नाही. शाळेतल्या बहुतेक मुलामुलींचे केस कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये कापले जात. म्हणजे नक्कीच तिथूनच! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सलून चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे कात्रीकाका म्हणतात. माणूस इतका टापटिपीचा, की गिऱ्हाइकाच्या मानेवरचा एक केस राहिला तरी त्यांना चुकल्यासारखं होतं. त्यांची खुर्ची आता रिकामी पडली होती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकाने सांगून टाकलं होतं, "पालकसभेत काय ते ठरू दे. तुमचा दोष निघाला तर गाळा खाली करा."

शाळेने तपासणीला बोलावलेल्या बुरशीमावशीला काका म्हणाले, "डॉक्टर, माझा दोष असेल तर मी स्वतः कुलूप लावीन. पण नसेल, तर तसं कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं. माझं कोण ऐकतंय?"

ती म्हणाली, "मी म्हणेन काका. पण आधी तपासणार. तपासल्याशिवाय मी माझ्या आईलाही निर्दोष म्हणत नाही."

तिची पद्धत सोपी आहे. डोक्यावरून नवा ब्रश फिरवायचा आणि त्याचे केस एका बशीतल्या खाद्यावर टेकवायचे. बुरशी असेल तर उबेत ठेवलेल्या बशीत आठदहा दिवसांत उगवते. एका डोक्याला एकच ब्रश. काकांच्या कंगव्यांना, केस कापायच्या मशीनला, खुर्चीलाही वेगळा वेगळा ब्रश. आणि एक ब्रश असा, जो पाकिटातून काढायचा, सगळ्यांसोबत न्यायचा, पण कशालाही लावायचा नाही. त्याच्या बशीत काहीही उगवता कामा नये. उगवलं, तर आपल्याच हाताळणीत कुठेतरी घोळ आहे, तपासणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

तिने खोक्यात हात घातला, मला उचललं आणि म्हणाली, "हा कोरा."

झालं! भावंडं डोकी विंचरायला निघाली, आणि माझ्या वाट्याला काय, तर काहीच न करणं. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

शाळेच्या सभागृहात मुलांची रांग लागली. तिथे नाटकाची तालीम चालू होती. नाटकाच्या बाई, म्हणजे नाटक बसवणाऱ्या शिक्षिका, तोंडाने तलवार चालवणाऱ्या. "त्या सलूनची अस्वच्छता, दुसरं काय! मी तर पालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होत्या. नाटकात एक सिंह होता आणि झाडून सगळ्या मुलांना सिंहच व्हायचं होतं. बाईंनी तोडगा काढला होता, तालमीत रोज नवा सिंह. लोकरीची ती झुबकेदार आयाळ रोज नव्या डोक्यावर चढे.

बुरशीमावशीने मला एका स्वच्छ कागदावर, वेशभूषेच्या पेटीवर ठेवलं. तेवढ्यात त्या दिवसाचा सिंह आला. पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी. डोकं तपासायला द्यायचं म्हणून तिने आयाळ काढून पेटीवर भिरकावली, ती बरोब्बर माझ्यावर! मी आयाळीत पार बुडालो. पोरीने जीभ चावली, मला ओढून बाहेर काढलं, कागदावर होतो तसं ठेवलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "कोणाला सांगू नको हं." मी कसा सांगणार? मला डोकं आहे, तोंड कुठे आहे?

दहा दिवस बश्या उबेत होत्या. मग बुरशीमावशीने एकेक उघडली. मुलांच्या बश्यांत कापसासारखी पांढरी बुरशी, खालून पिवळीधमक. काकांच्या कंगव्यांची, मशीनची, खुर्चीची बशी स्वच्छ! तिने चक्क टाळी वाजवली. मग माझी बशी उचलली. तीत तीच पांढरी बुरशी, सगळ्यात दाट.

तिचा चेहरा उतरला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी डोकावून म्हणाला, "अगं, टाकून दे ती बशी. कोऱ्याकडे कोण बघतंय? काका सुटले की नाही, झालं तर."

"काका असे नाही सुटायचे," ती म्हणाली. "उद्या कोणी विचारलं, तुमच्या कोऱ्याचं काय झालं, तर मी काय सांगू? आणि पुन्हा पहिल्यापासून करायचं, तर पालकसभा त्याआधीच होऊन जाईल."

मी झाकणबंद बरणीत पडल्या पडल्या ओरडत होतो, बाई, आयाळ! आयाळ! पण ब्रशाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

ती बराच वेळ माझ्या बशीकडे बघत बसली. मग सूक्ष्मदर्शकाखाली थोडी बुरशी घेतली. दोन्ही टोकांना निमुळत्या, चरख्याच्या चातीसारख्या पेशी. "ही तर मांजरांकडून येणारी जात," ती पुटपुटली. "मुलांच्या घरी तर मांजरं नाहीत, मी विचारलंय. आणि कोऱ्याला एवढी दाट? ही हवेतून उडून आलेली नाही. याला काहीतरी चांगलंच घासलंय." आणि तिचा चेहरा हळूहळू असा उजळला, की मला बरणीत नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती सभागृहात मुलांसमोर मांडी घालून बसली. "मी ओरडणार नाही. उलट ज्याला ठाऊक असेल त्याचे आभार मानीन. त्या दिवशी पेटीवरचा ब्रश कोणी हलवला का?"

दात पडलेली चिमुरडी पुढे आली. "मी नाही हलवला. आयाळच त्याच्यावर पडली. मी नुसतं त्याला वाचवलं."

बुरशीमावशीने तिला जवळ ओढलं आणि तिच्या गालाचा पापा घेतला. मग सगळ्यांना पेटीपासून दूर केलं, हातमोजे घातले आणि झाकण वर केलं. आत राजाच्या मखमली झग्यावर एक गुबगुबीत मांजरी आपल्या पिल्लांना पाजत ऐसपैस पसरली होती. अंगावर एक चट्टा नाही, तब्येत खणखणीत. या बुरशीचं पुष्कळदा तसंच असतं, मांजराला काही होत नाही आणि मुलांची डोकी मात्र जातात. पेटीच्या मागची फळी तुटली होती, तिथून तिची ये-जा. आणि तालीम संपली की आयाळही याच पेटीत पडायची. ज्याने ज्याने आयाळ घातली, त्याच्या त्याच्या डोक्यावर चट्टा.

"ही इथे कशी?" कोणीतरी विचारलं. नाटकाच्या बाई खाली बघत म्हणाल्या, "मीच दूध ठेवते तिला. पावसाथंडीत कुठे जाईल बिचारी?"

पालकसभा दणक्यात झाली. बुरशीमावशीने सगळं सांगितलं. काकांच्या स्वच्छ बश्या दाखवल्या आणि माझी बिघडलेली बशीही लपवली नाही. "ही बिघडली म्हणूनच खरं कळलं," ती म्हणाली. आयाळीवरून, मांजरीवरून फिरवलेल्या ब्रशांच्या बश्यांतही तोवर तीच बुरशी डोकावू लागली होती. मुलांना गोळ्या सुरू झाल्या, मांजरीला आणि पिल्लांना औषध, आयाळीची रवानगी भट्टीत. घरमालक घसा खाकरत म्हणाला, "मी कधी म्हटलं होतं दोष आहे म्हणून?" सगळं सभागृह हसलं. एकटे काका हसले नाहीत. ते पाठमोरे उभे राहून डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलूनच्या काचेबाहेर येणारेजाणारे थबकून बघत होते. आत खुर्चीत नाटकाच्या बाई बसल्या होत्या, ताठ, अंगावर पांढरं कापड.

"काका, माझी जीभ फार चालते. कात्री तिच्यावर चालवायला हवी. पण आज केसांवर चालवा. आणि काच झाकू नका, लोकांना दिसू दे."

काकांनी कंगवा-कात्री उचलली. मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बाई, मान जरा खाली."

बुरशीमावशीने मला वाफेच्या दणकट कुकरमध्ये असं शिजवून काढलं, की आता माझ्यात बुरशी काय, अहंकारही औषधाला उरलेला नाही. बरं, थोडा उरलाय. नियमाने मी कचऱ्यात जायचा. पण काकांनी तिच्याकडे मला मागून घेतलं. आता ते मला वापरून मशीनमधले कापलेले केस झटकतात. माझे केस पिंजारलेत, दांडा वाकलाय, पण दिवसभर हाताला काम आहे.

जाता जाता एकच विनवणी. जिथे काही उगवायला नको तिथे उगवलं, तर घाईने फेकू नका. आधी विचारा, बाबा रे, तुला काय लागलं होतं? आणि विचारताना जरा मायेने विचारा, म्हणजे पोरंही खरं सांगतात.

चला, येतो. काकांनी मशीन उघडलंय. बाकावर बसायला जागा नाही, दोघं तर दारात उभे आहेत, आणि काका आनंदाने त्यांच्यावर खेकसतायत, "थांबा रे, मला काय चार हात आहेत?"