सभागृहाच्या दारावरची थाप

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. विधानसभेच्या सभागृहाचे. सागवानी अंगाचे, पितळी कडीचे आणि खरे सांगायचे तर थोडे शिष्टच. मतदानाच्या वेळी घंटा वाजे. ती वाजत असेपर्यंत सदस्यांनी आत यायचे. घंटा थांबली की मला कडी लागे आणि मोजणी संपेपर्यंत मी कोणासाठीही उघडत नसे. मोठमोठे लोक माझ्यापुढे ताटकळत उभे राहत. मला त्याचा भारी तोरा होता.

एका निवडणुकीने तो उतरवला. दोन्ही बाजूंच्या जागा अगदी सारख्या आल्या आणि मध्ये उरल्या एकट्या नर्सबाई. नदीपलीकडच्या गावांनी त्यांना एकाच शब्दावर निवडून दिले होते: पूल. तिकडची मुले शाळेत जायची ती होडीतून आणि अडलेल्या बायका दवाखान्यात यायच्या त्याही होडीतून. बाईंनी स्पष्ट सांगितले, "जो पूल देईल त्याला माझं मत." त्या मतावर सरकार कसेबसे उभे राहिले.

पुलाचा ठराव मताला आला आणि घंटा वाजू लागली. बाई जिना चढून आल्या. त्यांच्यापुढे विरोधी बाकांवरचे आबा होते. पुलाशी आबांचे काही वाकडे नव्हते, त्यांना फक्त सरकार पाडायचे होते. माझ्यासमोर येताच ते छाती धरून मटकन खाली बसले.

"बाई, जीव घाबरा होतोय. जरा पाणी..."

"हलू नका आबा, मी आलेच," म्हणत बाई व्हरांड्याच्या टोकाकडे धावल्या. सारा जन्म रुग्णांत गेलेला, पाय आपसूक वळले.

त्या वळल्या आणि आबा उठले. कपडे झटकून आत आले. घंटा थांबली. दारवानाने कडी लावली.

मग माझ्यावर थाप पडली, उघड्या तळव्याची.

"अहो, आबा आत आलेत का? बरे आहेत ना ते?"

दारवानाने मान खाली घातली. नियम म्हणजे नियम. आबा पहिल्या बाकावर ताठ बसून होते. त्यांनी ऐकले, मीही ऐकले. मते बरोबरीत आली, आणि बरोबरीतला ठराव तिथे पडत असे. पूल गेला, बहुमत नाही म्हणून सरकारही गेले, मुदतीआधीच पुन्हा निवडणूक लागली. मी उघडले तेव्हा बाई भरलेला पेला हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आबांकडे पाहिले.

प्रचाराच्या धामधुमीतच नदी फुगली. पलीकडे एक बाई अडली होती. नर्सबाई होडीत बसल्या आणि होडी उलटली. त्या परत आल्या नाहीत.

आबा निवडून आले, मंत्री झाले. त्यांनी पहिला पूल बांधला तो तिथेच. उद्घाटनाला मात्र गेले नाहीत. त्यानंतर घंटा थांबली की ते माझ्याकडे वळून बघत. सगळ्यांना वाटे, आबा वेळेचे पक्के आहेत. मला कारण ठाऊक होते, कारण तीच थाप माझ्या लाकडातही उठत होती.

आता नवे सभागृह झाले. मला बिजागऱ्यांतून काढून अडगळीत भिंतीला टेकवून ठेवले आहे. पितळ काळे पडले, वाळवी लागली. माझी विचारपूस करणारे एकटे आबाच. पार थकलेत. काठी टेकत येतात आणि सोबतच्या नातीला म्हणतात, "बाळ, जरा कडी काढ. बाई केव्हाच्या बाहेर उभ्या आहेत."

नात त्यांचे मन राखायला कडी काढते. माझ्यामागे नुसती भिंत आहे.

मित्रांनो, दारे लावावीच लागतात. पण कडी घालण्याआधी एकदा बाहेर डोकावत जा. कोणीतरी तुमच्यासाठीच पाणी आणायला गेलेले असेल.