गार चाकाचा आकडा

मी एक जुनी मोटारसायकल आहे, आणि गेली सहा वर्षे तपासणीत न चुकता पास होत आले आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मग तोंड पाडायला झाले काय? पास होणाऱ्याची तर लोक पाठ थोपटतात. माझीही थोपटली. दुखणे तिथेच होते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझी टाकी गडद निळी होती. माझे मालक टेलिफोनच्या तारा दुरुस्त करत. मागच्या सीटला तारेचे भेंडोळे आणि पकडींची पिशवी बांधून आम्ही खांबामागून खांब पालथे घालत असू. सुट्टीच्या दिवशी त्याच सीटवर मालकीणबाई बसत. एक हात मालकांच्या खांद्यावर, दुसऱ्यात पिशवी, आणि दर वळणावर तेच वाक्य : "अहो, जरा हळू!" मला कित्येक वर्षे वाटत होते, की मालकांचे नावच 'अहो' आहे.

गल्लीतला मिस्त्री म्हणे, "ही गाडी नाही काका, घड्याळ आहे घड्याळ." मालकांची मुलगी माझ्यावरच गाडी शिकली. दोनदा मला कुंपणात घातले, तिसऱ्यांदा नीट वळवले. पुढे ती नर्स झाली आणि दुसऱ्या गावी गेली. मालक निवृत्त झाले. सहा वर्षांपूर्वी मालकीणबाई वारल्या, आणि त्या घरात 'अहो' हा शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही.

मला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभे केले गेले. अंगावर मालकीणबाईंची फुलाफुलांची जुनी चादर. चादरीखालून मला फक्त शेडची पायरी दिसे.

जुन्या गाड्यांची दरवर्षी तपासणी होते. ती चुकली की गाडी भंगारात. मालकांनी ती कधी चुकवली नाही. त्या दिवशी ते चादर काढत, टाकी लख्ख पुसत, दिवा लावून पाहत, हॉर्न वाजवत. आणि मग मला ढकलत नेत. होय, ढकलत! तपासणी केंद्र दोन गल्ल्या पलीकडेच होते. कुणी विचारले तर म्हणत, "चालवली की धूळ बसते." मला मात्र वाटते, मागची सीट रिकामी ठेवून त्यांना मला चालवताच येत नव्हते.

केंद्रातल्या तपासनिसांना सगळे 'ठप्पेवाले' म्हणत. ते माझे मागचे चाक दोन फिरत्या रुळांवर चढवत, ब्रेक एकदा दाबत, ब्रेकची पकड दाखवणारा काटा वर गेलेला पाहत आणि कागदावर ठप्पा मारत. पन्नासच्या वर आकडा आला की पास. माझा साठच्या पुढे येई. "काचेच्या कपाटात ठेवा हिला," ते म्हणत. मालक खूश होऊन मला ढकलत परत आणत. मग चादर. मग तीनशे चौसष्ट दिवस पायरी.

आता खरे सांगते. माझ्या मागच्या चाकात, बेअरिंगच्या तोंडाशी, रबराची एक चकती असते. ती आतले ग्रीस ब्रेककडे येऊ देत नाही. फिरत राहिले तर हे रबर मऊ राहते. उभे राहून राहून माझे रबर वाळले आणि चिरले. ग्रीस गार असले की घट्ट असते. चिरेतून हलत नाही. पण ब्रेक लावून लावून चाक तापले की ते पातळ होऊन ब्रेकवर उतरते, आणि चाक धरणाराच ब्रेक बुळबुळीत होतो. माझे चाक सहा वर्षांत तापलेच नव्हते. मला हे माहीत होते, पण मला बोलता येत नाही. मला फक्त आकडा देता येतो, आणि तोही जेवढे विचाराल तेवढाच.

त्या घरात असे आकडे देणारी मी एकटी नव्हते. मुलगी दर रविवारी फोन करी. "बाबा, बरे आहात ना?" मालक मोठ्याने म्हणत, "ठणठणीत!" फोन ठेवत. मग चहाचा कप घेऊन पायरीवर येऊन बसत. चहाची वाफ थांबे, साय धरे, तरी कप तसाच असे.

या वर्षी मुलीला डोंगरावरच्या रुग्णालयात नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचे होते. राहायला खोली तिकडेच. "बाबा, निळीला नेऊ?" तिने विचारले. मालक म्हणाले, "ने की. शुक्रवारी तपासणी आहे. पास होऊ दे." मी हादरले. तो रस्ता मला पाठ होता. परतताना सलग पाच किलोमीटर उतार, प्रत्येक वळणावर ब्रेक.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला नापास व्हायचे होते. नापास झाले तर भंगार, असेच मला वाटत होते. पण पास झाले तर ती मुलगी त्या उतारावर.

शुक्रवारी मालकांनी मला ढकलतच नेले. मुलगी सोबत होती. ठप्पेवाले निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी जाड चष्म्याच्या एक बाई होत्या. रुळांवर आकडा आला बासष्ट. मालकांनी ठप्प्यासाठी कागद पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. माझ्या इंजिनावर हात ठेवला.

"गाडी गार कशी?"

"ढकलत आणली. धूळ नको म्हणून."

"काका, गाडी ढकलायला घेतलीत का?" बाई मुलीकडे वळल्या. "फाटकापासून भिंतीपर्यंत दहा फेऱ्या मारा. प्रत्येक टोकाला करकचून ब्रेक."

सहा वर्षांनी मी धावले! चाक तापले, आणि आत ग्रीस सैल होताना मला जाणवले. रुळांवर आकडा आला चोपन्न. "अजून दहा," बाई म्हणाल्या. तिसऱ्या वेळी काटा एकतीसवर अडखळला.

"नापास."

मालकांचा आवाज चढला. "सहा वर्षं पास होतेय ही!"

"सहा वर्षं गार होती, काका."

मालकांनी हातातल्या कागदाची घडी घातली. म्हणाले, "मोडीतच काढू मग." मी ऐकले. पण मुलीने माझे हँडल सोडले नाही. "दुरुस्तीला महिन्याची मुदत आहे बाबा. सोमवारी मी बसने जाईन. आधी उघडून तर बघू."

घरी मालकांनी स्वतः चाक उघडले. ब्रेक ग्रीसने माखला होता. त्यांनी बोट फिरवून पाहिले आणि तसेच पायरीवर बसले. "तू त्या उतारावर..."

"बाबा, बरे आहात ना?"

"ठणठणीत."

मुलगी पायरीवर शेजारी बसली. "बरे आहात ना?"

"हो गं. वय झालं, एवढंच."

तिने फडक्याने त्यांचे बोट पुसले. बराच वेळ पुसत राहिली. मग तिसऱ्यांदा, अगदी हळू, "बाबा?"

मालक माझ्या मागच्या सीटकडे पाहत म्हणाले, "घरात हाक मारायला कुणी नाही गं."

पंधरा दिवसांनी मी नव्या रबरानिशी तपासणीला गेले, आणि या वेळी मालक मला चालवत घेऊन गेले. तिसरा आकडा अठ्ठावन्न आला. आता मी डोंगरावर रुग्णालयाच्या भिंतीशी उभी असते. तिथेही दिवस लांबच असतो. खाली पायरीवर आता कोण बसले असेल, हे मला ठाऊक आहे. पण दर शनिवारी आम्ही तो उतार उतरतो, आणि मुलगी फाटकातूनच हाक मारते.

मित्रांनो, तुमच्याही घरामागे कुणी चादरीखाली उभे असेल, कुणी पायरीवर बसलेले असेल. त्यांना एकदाच विचारून ठप्पा मारू नका. पहिला आकडा गार चाकाचा असतो. जरा थांबा, आणि पुन्हा विचारा.